मेस्तांनी कापलेली अक्षरं

मेस्तांना एखादं काम तिसऱ्यांदा करताना मी कधी पाहिलं नाही. पहिल्यांदा ते हौसेने करत, दुसऱ्यांदा तोंड वाकडं करून करत, आणि तिसरी पाळी येण्याआधी ते काम यंत्राच्या गळ्यात बांधून मोकळे होत. "एकच काम तीनदां करता तो मनीस न्हय, बैल," हे त्यांचं बोलणं डिचोलीच्या आमच्या ऑफिसात पहिल्याच दिवशी माझ्या कानावर पडलं. मी तेव्हा एक तक्ता हाताने भरत बसले होते. बैल कोण, ते वेगळं सांगायला नको.

मेस्त हे काही त्यांचं नाव नव्हे. आमच्याकडे सुताराला मेस्त म्हणतात, आणि ह्यांचे वडील इब्रामपुरात सुतारकाम करायचे. मुलगा शिकून कॉम्प्युटरवर बसला तरी बापाची पदवी त्याच्यामागून ऑफिसपर्यंत आली. त्यांना ती आवडायची. कुणी नवखा माणूस त्यांना 'सर' म्हणाला, तर ते मागे वळून कोण सर आले ते बघत.

यंत्रावर त्यांचा फार जीव. रोज येणाऱ्या पत्रांना 'मिळालं' म्हणून उत्तर लिहायचा कंटाळा आला, तेव्हा त्यांनी ते आपोआप जाईल अशी सोय केली. पुढे साहेबांनी मुलीच्या लग्नाचं आमंत्रण पाठवलं, त्यालाही यंत्राने उत्तर दिलं, "आपली नोंद घेण्यात आली आहे. योग्य ती कार्यवाही होईल." साहेब दोन दिवस बोलले नाहीत. मेस्त मात्र लग्नाला गेले, पोटभर जेवले आणि आल्यावर म्हणाले, "कार्यवाही बरी जाली."

दुसरा त्यांचा जीव देवनागरीवर. मी फोनवर मराठी मजकूर इंग्रजी अक्षरांत लिहिला की ते हटकून टोकत, "आपलीं अक्षरां आसताना दुसऱ्याचीं उसनीं कित्याक घेतां गे?" त्यांच्या कॉम्प्युटरवरच्या साऱ्या कप्प्यांची नावं मराठीत होती. एका कप्प्याचं नाव 'हात लावल्यास बघून घेईन' असं होतं.

त्या सुमारास आमच्याकडे दवाखान्यांचं काम आलं. पेडणे आणि म्हापशाकडचे काही दवाखाने एका डॉक्टरबाईंनी एकत्र आणले होते. प्रत्येकाची माहिती आपापल्या जुन्या कॉम्प्युटरात, आपापल्या तऱ्हेने ठेवलेली. ती सगळी उचलून एका जागी आणायची, तर माहिती जोडणाऱ्या सॉफ्टवेअरला आधी प्रत्येक तक्त्याची ओळख करून द्यावी लागते. ह्यात रकाने कोणते, त्यांची नावं काय, कुठला किती रुंद. एकेक तक्ता घ्यायचा, एकेक खिडकी उघडायची, पुढे, पुढे, ठीक आहे, पुन्हा पहिल्यापासून. शेकड्यांनी तक्ते होते. मी सकाळभर केलं आणि मनगट धरलं.

मेस्तांनी ते बघितलं आणि खुर्ची ओढली. त्यांनी असा प्रोग्रॅम लिहिला की तो जुन्या कॉम्प्युटराकडूनच सगळ्या तक्त्यांची वर्णनं विचारून घेई, त्यांची एक फाईल बनवी आणि एकाच हुकमाने सगळी ओळखपरेड सॉफ्टवेअरच्या पोटात उतरवी. म्हापशाच्या दवाखान्यावर करून बघितलं, अक्षर न् अक्षर बरोबर आलं. चहा निवायच्या आत साऱ्या दवाखान्यांचे तक्ते आत गेले होते. आम्ही टाळ्या वाजवल्या. मेस्तांनी मान झुकवून नाटकातल्या राजासारखा मुजरा केला. पुढे आठवडाभरात सगळी माहिती नव्या जागी आली आणि दवाखान्यांनी जुने कॉम्प्युटर भंगारात दिले.

मग एके दिवशी पेडण्याच्या दवाखान्यातून फोन आला. इब्रामपूरच्या एक काकी तापाने फणफणून आल्या होत्या. ड्यूटीवरच्या नव्या डॉक्टरांनी पडद्यावर नोंद वाचली, 'रक्तदाब आहे. मधुमेह नाही. पूर्वी'. पुढे काही नव्हतं. त्यांना वाटलं, कुणी लिहिता लिहिता उठून गेलं असेल. त्यांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन दिलं. काकींचं तोंड सुजलं, श्वास अडकला. डॉक्टर हुशार होते म्हणून काकी वाचल्या. नंतर सिस्टरनी कॉम्प्युटरच्या आधीपासूनच्या कागदी कार्डांच्या पेटीतून काकींचं जुनं कार्ड काढलं. त्यावर ते वाक्य पुरं होतं, 'पूर्वी पेनिसिलीन दिल्यावर जीव घाबरला होता, देऊ नये.'

मेस्तांना चूक शोधायला वेळ लागला नाही. जुना कॉम्प्युटर रकान्याची रुंदी अक्षरांत मोजत होता, नवं सॉफ्टवेअर साठवणीच्या घरांत. इंग्रजी अक्षराला एक घर लागतं, आपल्या अक्षराला तीन. प्रोग्रॅमने आकडा होता तसाच उचलला. जास्तीचं कापून पुढे चला, असंही मेस्तांनीच त्याला सांगून ठेवलं होतं, मध्ये मध्ये थांबायला नको म्हणून. म्हापशाच्या नोंदी इंग्रजीत, त्या बिनबोभाट आल्या. पेडण्याकडच्या सिस्टर मराठीत लिहीत, त्यांच्या लांब नोंदी शेपटाकडून तुटल्या. मेस्तांनी खुर्ची मागे सरकवली. मग म्हणाले, "माज्याच गांवचीं अक्षरां, आनी म्यां तपासलें म्हापशाच्या इंग्लिशान."

साहेबांनी डॉक्टरबाईंना सांगितलं, सॉफ्टवेअरमध्ये दोष होता, दुरुस्त केलाय, ह्यापुढच्या नोंदी नीट येतील. तुटलेल्या जुन्या नोंदींचं नाव कुणी काढलं नाही. काढून करणार काय? मूळ भंगारात गेलेलं, आमच्याकडची नक्कल कापल्यानंतरची, आणि पेट्यांतली कार्डं एकेक वाचत कोण बसणार? मेस्त त्या बैठकीत माझ्या शेजारी होते. ते टेबलाच्या कडेला नखाने खरडत राहिले. आम्ही सगळे सॉफ्टवेअरच्या आड सुखरूप बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "बाय, काकीकडे वचूंया. एकट्याचे पांय जायनात." मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसले. काकी अंगणात काजूच्या बिया निवडत होत्या. सूज उतरली होती, आवाज मात्र बसलेला.

"अरे, तूं मेस्ताचो झील मरे? ये, बस. बाय, तूंय बस." सुताराचा मुलगा त्यांनी चेहऱ्यावरून ओळखला. चहाचे कोप आणले, बरोबर उंडे, म्हणजे गोल पाव.

मेस्त बसले नाहीत. "काकी, तुका जें जालें तें माज्यामुळें जालें."

"तुज्यामुळें कशें? सुई दोतोरान मारली."

"दोतोराक जें वाचूंक जाय आशिल्लें, तें म्यां कापलें."

त्यांनी सगळं सांगितलं. काकींना रकाने कळले नाहीत, पण कापलेलं वाक्य कळलं. त्या म्हणाल्या, "जावंदी. वांचलें न्हय? खा तो उंडो. तोंड बघ कितलेंशें केलां."

इतक्या सहज मिळालेली क्षमा मी पूर्वी बघितली नव्हती. मेस्त पायरीवर टेकले. त्यांच्या खांद्यांवरचं ओझं खाली आलेलं मला दिसलं. त्यांनी उंडा मोडला, चहात बुडवला. काकी पुन्हा बिया निवडायला लागल्या, आणि मान वर न करताच त्यांनी विचारलं, "आनी माज्यासारखीं आनीक कितलीं आसात?"

मेस्तांनी उंडा खाली ठेवला. आम्ही कुणी शोधलंच नव्हतं. "सोदूंक ना, काकी."

"मागीर हांगा कित्याक आयलो?"

त्या रागावल्या नव्हत्या, मग इथे कशाला आलास एवढंच विचारत होत्या. पण मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मेस्तांनी चहा तिथेच ठेवला.

सकाळी ते थेट डॉक्टरबाईंकडे गेले. दोष सॉफ्टवेअरचा नव्हे, माझा, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. पेट्यांतली सगळी जुनी कार्डं बाहेर काढा आणि तोवर पडद्यावरच्या नोंदीवर विश्वास ठेवू नका, असंही सांगितलं. पुढचं काम आमच्या कंपनीकडून गेलं. साहेबांनी मेस्तांना काढलं, पण डॉक्टरबाईंनी अट घातली, कार्डं तपासून होईपर्यंत हाच माणूस पाहिजे. मग तेवढे दिवस आमच्याच ऑफिसात, फोनवर सिस्टर वाचत आणि मेस्त लिहीत. एक कार्ड, दुसरं कार्ड, तिसरं कार्ड. मी मदतीला बसले तर लिहिलेलं पडताळून वाचायचं काम त्यांनी मला दिलं, म्हणाले, "वाच तूं. बरोवपाचें माका सोड."

शेवटची पेटी संपली त्या दुपारी त्यांनी टेबल आवरलं. तेवढ्यात पेडण्याच्या सिस्टरचा फोन आला. मेस्तांनी तो मलाही ऐकू येईल असा लावला. जवळच्या मोपा गावचे एक गृहस्थ आले होते, त्यांना तेच इंजेक्शन लिहून झालं होतं, पण दुरुस्त केलेली नोंद पुढे आली आणि डॉक्टरांनी हात आवरला. सिस्टर दोनदा म्हणाल्या, "तुमच्यामुळे वाचले हो."

मेस्त "बरें जालें" म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आयकून माका बरें दिसलें, बाय. शाबासकी मेळिल्लेवरी. तीं अक्षरां कोणें कापलीं, तेंच विसरलों. हेचीच लज दिसता."

ते पिशवी उचलून जिना उतरून गेले. सिस्टरचं ते वाक्य ऐकताना मलाही अगदी तसंच बरं वाटलं होतं.