गणपतरावांनी मांडलेलं रुखवत

रुखवत हा बायकांचा प्रांत. पुरुषांनी मांडवात मिरवावं, पंगतीत वाढावं, आणि रुखवताच्या टेबलापाशी आलेच तर एक कुरडई मोडून तोंडात टाकून पुढं जावं, एवढंच त्यांचं काम, असं माझं मत होतं आणि अजूनही आहे. म्हणून आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे गणपतराव जेव्हा म्हणाले, की लेकीचं, तेजस्वीचं रुखवत मी स्वतः करणार, तेव्हा मी सरळ हसले. मंगळवार पेठेत आजवर कुणा बाप्यानं रुखवत केल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं.

तसा माणूस हाताचा कसबी. उचगावला पंपांच्या जळलेल्या मोटारी तार गुंडाळून पुन्हा भरायच्या दुकानात उभा जन्म गेला. तालमीच्या गणपतीपुढचा हलता देखावा दरवर्षी त्यांचाच असायचा. राक्षसाचे डोळे फिरायचे, धबधबा पडायचा, शिवाय मोर पिसारा फुलवायचा. विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी खोकी आणि रद्दी घेऊन स्वतः जायचे, एकेक स्क्रू काढून, कागदात गुंडाळून सगळं घरी आणायचे. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. मांडलं त्यानंच उतरवायचं, असा त्यांचा कायदा.

त्यांची बायको शालन. बोळातल्या सगळ्यांची ब्लाउजं तीच शिवायची आणि शिवता शिवता सगळ्यांची उणीदुणीही तिथंच निघायची. माझी जिवाभावाची मैत्रीण. तेजस्वीच्या लग्नाच्या दोन वर्षं आधी ती पोटाच्या दुखण्यानं वारली. मशीन तिच्या बहिणीला दिलं. बाकीचं मात्र, म्हणजे साड्या, बांगड्या, बटणांचे डबे, उरलेली लोकर, सगळं एका कपाटात होतं तसंच राहिलं. भिंतीवर फोटो होता, पण तो आधार कार्डावरचा मोठा केलेला, त्यात ती घाबरलेली दिसते. गणपतराव संध्याकाळी कामावरून आले, की ते कपाट उघडायचे, जरा वेळ तोंड आत घालून उभे राहायचे आणि बंद करायचे. मी काही चोरून बघत नव्हते. खिडकीसमोर खिडकी आहे आणि डोळे मिटून भाजी चिरता येत नाही.

तेजस्वीचं लग्न राधानगरीकडच्या ऋतुराजशी ठरलं. शेती, म्हशी, भरलं घर, माणसं चांगली. मी गणपतरावांना सांगितलं, की रुखवत हल्ली तयार मिळतं, नाहीतर आम्ही चौघीजणी मिळून करतो. ते मान हलवत राहिले.

"आईविना पोर म्हणून कुणी बोट दाखवाय नको, वहिनी. रुखवत आईच करती न्हवं? मग मी शालनच्याच सामानातनं करतो. तिनंच केल्यागत हुईल की."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी घरात निघून गेले.

मग कपाट रिकामं व्हायला लागलं. बटणांचा मोर झाला, पांढऱ्या बटणांची मान आणि निळ्या बटणांचा पिसारा. काचेच्या बांगड्यांचा झोपाळा झाला. लोकरीची तुळस झाली, तिला शालनच्या गळ्यातल्या पोतीच्या मण्यांच्या मंजिऱ्या. सुपारीचे नवरा-नवरी केले, नवरीला तिच्या लग्नातल्या शालूच्या काठाचं लुगडं नेसवलं. काडेपेटीच्या काड्यांचं घर उभं राहिलं, त्याला तिच्या साड्यांचे पडदे. घरात एक वीतभर खाट, खाटेवर तळहाताएवढी वाकळ. ती वाकळ तिच्या हिरव्या इरकलीची होती. तांबडा काठ, अंग मऊसूत झालेलं. ही साडी ती घरात रोज नेसायची. गणपतरावांना टाके काही येत नव्हते. सुई बोटात घुसायची, मग माझ्याकडं यायचे आणि लहान पोरासारखे सुई ओवून मागायचे. एवढ्यावर थांबले तर ते गणपतराव कसले. प्रत्येक वस्तूखाली एक बारकी मोटार बसवली. बटण दाबलं की मोर मान डोलवणार, झोपाळा हलणार, सुपारीची नवरी लाजून खाली बघणार. एकेक करत सगळ्या साड्या कापल्या गेल्या, चिंध्याही वस्तूंच्या पोटात भरल्या. कात्री लावायच्या आधी मात्र साडी दोनदा घडी घालून परत कपाटात ठेवायचे आणि पुन्हा काढायचे. मला वाटलं, मन घट्ट केलंय माणसानं, आता यातून बाहेर पडणार.

लग्न मे महिन्यात झालं. कार्यालयात रुखवताभोवती ही गर्दी. मोर डोलला तशी पोरंटोरं किंचाळली, व्याह्यांकडच्या बायका मोबाईल काढून उभ्या राहिल्या. ऋतुराजची आई, धोंडुबाई, मला विचारत होती, हे कुणी केलं. मी म्हटलं, पोरीच्या आईनं. तिनं पदरानं डोळे टिपले. त्या दिवशी गणपतराव पोरासारखे आनंदात होते. दर थोड्या वेळानं येऊन बटण दाबून जायचे.

पंगती उठल्या, पाठवणी झाली, वऱ्हाडाच्या गाड्या गेल्या. रडून रडून आम्ही थकलो होतो. मी भांडी मोजून घेत होते, तेवढ्यात गणपतराव आले. हातात खोकी, काखेत रद्दी, खिशात स्क्रू ड्रायव्हर. टेबलावर नुसता पांढरा कपडा आणि चार अक्षता होत्या.

"वहिनी, रुखवत कुठं ठेवलंसा?"

मला आधी कळेना हा माणूस काय विचारतोय. मग कळलं. गणपतरावांना बहीण नाही. त्यांचं स्वतःचं लग्न जोतिबाच्या डोंगरावर चार माणसांत उरकलेलं, त्यात रुखवत नव्हतंच. दुसऱ्यांच्या लग्नात ते वाढपी. रुखवत मांडतात एवढं त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं, मांडलेलं पुढं कुठं जातं ते कधी पाहिलंच नव्हतं. त्यांना वाटलं, देखाव्यासारखंच असणार. लोकांनी बघायचं, मग आपण उतरवून घरी न्यायचं.

मी सांगितलं, की भावजी, रुखवत पोरीबरोबर सासरी जातं, ते परत येत नसतं. ते तिथल्याच एका खुर्चीवर बसले. खोकी मांडीवर तशीच होती. कार्यालयवाला खुर्च्या गोळा करायला आला तेव्हाच उठले.

चार दिवसांनी मी म्हटलं, तेजस्वीला फोन करते, एखादी वस्तू धाडेल. त्यांनी करू दिला नाही. दिलेलं रुखवत परत मागणं म्हणजे पोरीच्या संसाराला अपशकुन, हे एव्हाना बोळातल्या म्हाताऱ्यांनी त्यांच्या कानावर घातलं होतं. संध्याकाळी कपाट उघडायचे आणि लगेच मिटायचे. आत मोकळे हँगर होते.

त्या साली अधिक श्रावण आला. अधिकात जावयाला वाण द्यायचं असतं. तिकडं भाताची लावण चाललेली, ऋतुराजला यायला सवड नव्हती, म्हणून गणपतराव आणि मी, आम्हीच जाऊन वाण द्यायचं ठरलं. अनारसे मी केले. रंकाळ्याच्या स्टँडवर एसटीत बसल्यावर गणपतराव हळूच म्हणाले, की आज पोरीला एकच गोष्ट मागणार आहे. जे काय देईल ते, एखादी चिंधी का असेना. घरात शालनचं असं काहीच राहिलं नाही आणि संध्याकाळ काढवत नाही.

राधानगरीत पाऊस कोसळत होता. धोंडुबाईंनी काय करू आणि काय नको असं केलं. तापलेलं दूध, गरम भाकरी. आणि मोठ्या कौतुकानं सांगायला लागल्या, की रुखवत सगळ्या भाऊबंदांत गाजलं. त्यांच्याकडं ते वाटायची रीत. मोर थोरल्या नणंदेनं नेला, झोपाळा धाकटीनं, तुळस चुलत जावेनं. काड्यांच्या घराशी पोरं खेळली आणि ते मोडलं. बाई मनानं निर्मळ, तिला काय माहीत. गणपतराव मान डोलवत ऐकत होते आणि भाकरीचा तोच तुकडा ताटात फिरवत होते.

मग तेजस्वीनं आम्हाला आपल्या खोलीत नेलं. दार लोटलं आणि उशीखालून काहीतरी काढलं. ती तळहाताएवढी वाकळ होती.

"पप्पा, एवढी एक कुणाला दिली नाही. लपवून ठेवली. आईचा वास येतो अजून. झोप लागत नाही तेव्हा नाकाशी धरते."

गणपतरावांनी ती हातात घेतली. तोंडाशी नेली, डोळे मिटले. मी मनात म्हणत होते, माग, आता तरी माग. तेजस्वीनंच विचारलं, की तुम्हाला पाहिजे का.

"मला कशाला? कपाट भरलंय की तिच्या साड्यांनी."

त्यांनी वाकळ नीट घडी घालून तिच्या उशीखाली ठेवली. पोरीचा चेहरा एकदम फुलला. रुखवत होईतो पप्पांनी कपाटाला कुलूप ठेवलं होतं, म्हणून तिला वाटत होतं, त्यांनी रुखवतापायी आईची एखाददुसरी साडी कापली असेल. म्हणाली, दिवाळीला येते तेव्हा आईची साडी काढून ठेवा, मी दिवसभर तीच नेसून घरात हिंडणार. ते हो म्हणाले.

परतीच्या गाडीत खिडकीतून पाणी आत येत होतं. मला त्यांचा राग आला होता.  अर्ध्या वाटेत तेच बोलले.

"वहिनी, तसली हिरवी इरकल अजून मिळत असंल न्हवं? तांबड्या काठाची?"

मी म्हटलं, मिळेल. मग ते स्वतःशीच ठरवायला लागले. रोज धुवायची, उन्हात टाकायची, दगडावर घासली तर दिवाळीपर्यंत मऊ पडेल. पदराला एक ठिगळ लावलं, की जुनी वाटेल. ठिगळ आता मला लावता येतंय, म्हणाले. आणि मग माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, की शालन केसाला कुठलं तेल लावायची. मी किती आठवलं, पण मला आठवलं नाही.