बायडाबाईचं बेणं

कुंडलच्या बायडाबाईला लोक भांडखोर म्हणत. म्हणेनात का! गोड बोलून तिला आजवर कुणी काय दिलं होतं? नवरा मेल्यावर अर्धा एकर ऊस तिनं एकटीनं उभा केला. घर बौद्ध, रान शिवाराच्या पार टोकाला, पाण्याची पाळी कायम शेवटची. तरी ऊस असा, की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. पण बेणं, म्हणजे लावणीच्या कांड्या, तिच्याकडून कुणी नेत नसे. बेणं न्यायचं ते नानासोंच्या मळ्यातलं, कारण नानासो गावचे पुढारी. एकदा तरी गावानं आपलं बेणं लावावं, आणि बायडाबाईचं म्हणून लावावं, एवढंच तिच्या जिवाला लागलं होतं.

शहात्तर साली विमानानं शिवाराचे फोटो घेतले. महिन्याभरानं सांगलीहून जीपमधून शेतीखात्याचा एक साहेब आला आणि चावडीत त्यानं फोटो पसरला. बघतात तर काय, हिरवं काहीच नाही, सगळं शिवार तांबडं!

साहेब म्हणाला, "आपल्या डोळ्यांना दिसत नाही असाही एक उजेड असतो. निरोगी पान तो भरपूर परत फेकतं. ही फिल्म तो तांबडा दाखवते. जितकं तांबडं, तितकं पीक ठणठणीत." मग त्यानं टोकाच्या तुकड्यावर बोट ठेवलं. "बेणं इथलं धरा. कुणाचा हा ऊस?"

तो बायडाबाईचा. नानासोंचा मळा फोटोत राखेसारखा फिका पडला होता.

नानासो हसले. "सायेब, तांबडं म्हंजी रोग. ऊस सडला की आतनं लाल हुतोय, शेंबडं पोरबी सांगंल."

आणि माना डोलल्या की हो! साहेबाचं बोलणं सगळ्यांना कळलं होतं. पण झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण उठवणार?

दारात उभ्या बायडाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरातरा गेली आणि दोन ऊस घेऊन आली, एक आपला, एक नानासोंच्या मळ्यातला. चावडीतच कोयत्यानं उभे चिरले. तिचा पांढराशुभ्र. नानासोंचा आतून लाल, आणि आंबूस वास साऱ्या चावडीभर.

"घ्या, हुंगा! रोग कुनाच्या रानात हाय?"



लावणीच्या दिवसांत भर उन्हात नानासोंची बैलगाडी तिच्या बांधाला लागली. "बायडे, गाडीभर बेणं दे. पर गावात आमी मळ्याचंच म्हनून सांगनार."

बायडाबाईनं दात आवळले. "फुकाट न्या. पर माझं म्हनून न्या. आन् बांधाला आलाय, तवा आदी गूळपानी घ्या."

तिनं तांब्या पुढं केला. नानासोंनी इकडंतिकडं बघितलं, कोण बघतंय का. हात काही वर आला नाही. "तान न्हाई मला."

घामानं सदरा पाठीला चिकटलेला, आणि म्हणे तहान नाही! रिकामी गाडी वळली. बायडाबाईनं तांब्या उसाच्या बुडात उपडा केला आणि बांधावरून ओरडली, "आवं नानासो, ह्यो ऊस वरीसभर माझ्याच हातचं पानी प्यालाय! त्यो कसा न्यायला आलता?"