मामाची किडनी आणि निगेटिव्ह रिपोर्ट

माझ्या मामाने आईला किडनी दिली, पण ताबा काही सोडला नाही. ऑपरेशन झाल्यापासून तो रोज फोन करून विचारायचा, "माझी किडनी काय म्हणतेय?" आईने मिठाची बरणी उघडली की याचा उजवा पाय जमिनीवर दाबला जायचा. मामा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतो. तिथल्या गाड्यांत मास्तरच्या पायाखालीही एक ब्रेक असतो, आणि तो याच्या हाडीमाशी भिनलाय. आई म्हणायची, "उपकार केलेस बाबा, मान्य. पण माझ्या सासूनेसुद्धा एवढा जाच केला नव्हता."

तर आईला खोकला सुरू झाला. सोबत बारीक ताप. आई म्हणाली, हवा बदललीय. मामाने मात्र घरभर नाक खुपसलं आणि तिच्या पलंगामागच्या ओल्या भिंतीवर काळी बुरशी शोधून काढली. "हीच ती!" तो एवढ्या जोरात ओरडला की शेजारीण दार उघडून बघायला आली. नवी किडनी शरीराने झिडकारू नये म्हणून आईची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबून ठेवली होती, आणि अशा माणसाच्या छातीत बुरशीही घर करू शकते, हे त्याने हॉस्पिटलात ऐकलेलं. डॉक्टरांची तारीख जवळ आली होती, पण मामाला दम कुठला निघतोय! त्याने आईला कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये नेलं आणि काउंटरवर फर्मान सोडलं, "बुरशीची जी काय तपासणी असेल ती करून टाका."

रिपोर्ट आला. बुरशीविरुद्धच्या अँटीबॉडी: निगेटिव्ह. मामाने तो झाडून सगळ्या नातेवाइकांना पाठवला, भिंत स्वतः रंगवली आणि डॉक्टरांची तारीख रद्द करून टाकली. "उगाच चार खोकणाऱ्यांत जाऊन बसायचं कशाला?" मला हे अजिबात पटलं नव्हतं. पण ज्याने आपलं पोट फाडून दिलंय त्याच्याशी भांडायचं कुठल्या तोंडाने? आमच्या घरात किडनी देणाऱ्याचा शब्द डॉक्टरच्याही वर होता, आणि या गोष्टीचा मला मनापासून राग यायचा.

मग एक दिवस आई जिना चढताना मध्येच खाली बसली. मी कुणाला न विचारता तिला गाडीत घातलं आणि हॉस्पिटल गाठलं. मामा रिपोर्ट फडकावत मागोमाग हजर.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचला. "बुरशीचा संशय तुमचा बरोबर आहे," त्या म्हणाल्या. मामाने माझ्याकडे असं पाहिलं की जणू निवडणूक जिंकलाय. "तपासणी मात्र चुकीची."

"अहो, निगेटिव्ह आहे ना पण!"

"अँटीबॉडी बुरशी बनवत नाही, यांचं शरीर बनवतं. आणि त्या शरीराला आम्हीच गप्प बसवलंय. कुत्र्याचं तोंड बांधायचं आणि भुंकला नाही म्हणून चोर आला नाही म्हणायचं, तसं झालं हे. अशा पेशंटमध्ये या निगेटिव्हवर विसंबता येत नाही. आता छातीचा स्कॅन करू, आणि फुप्फुसात थोडं पाणी सोडून ते परत काढू आणि त्यात थेट बुरशीच शोधू."

"मग एवढ्या ठळक अक्षरांत छापतात कशाला?" मामा पुटपुटला.

बुरशी सापडली. डॉक्टरीणबाई आईच्या कॉटपाशी येऊन बसल्या. बुरशीवरची औषधं लगेच सुरू करायची होती, पण सोबत प्रतिकारशक्ती दाबणारी औषधंही कमी करावी लागणार होती. "त्यात एक धोका आहे. शरीर किडनीवर उलटू शकतं. किडनी जाऊही शकते."

"नको मग," आई ताडकन म्हणाली. "ती त्याने दिलीय. मी खोकेन हवं तर."

मी कपाळाला हात लावला. मामा उठून उभा राहिला. तो ओरडला तेव्हा त्याचा आवाज फाटला. "वेडी आहेस का ताई? किडनी मी तुझ्यासाठी दिली. तिला सांभाळायला तुला नाही ठेवलेलं!"

आजूबाजूच्या कॉटवरची माणसं वळून बघू लागली. आईने त्याच्याकडे नीट पाहिलं.

"मग रडतोस कशाला?"

"रडत नाहीये." त्याने बाहीने नाक पुसलं. "तू आणि किडनी, दोघी राहिलात तर मी काही नको म्हणणार नाही, एवढंच."

आई खोकत खोकत हसली. मग डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "करा औषधं कमी. आणि याला आधी बाहेर बसवा, नाहीतर हाच माझा जीव घेईल."