कोपऱ्यातला सुपरस्टार

माझे मामा सव्वीस वर्षं थिएटरात प्रोजेक्टर चालवायचे. आता ते निवृत्त झालेत आणि पूर्णवेळ थापा मारतात, असं मामीचं मत आहे. त्यांची सगळ्यात गाजलेली थाप म्हणजे, कराटेपटांचा तो सुपरस्टार कोणीच नव्हता तेव्हा एका फालतू सिनेमात मार खाऊन गेला होता, आणि मामांनी तो सिनेमा चौऱ्याऐंशी वेळा पाहिला होता. प्रिंट कुठेच उरली नव्हती. त्यामुळे चार नातेवाईक जमले की मामांची खेचायची आयती सोय असे.

यंदा एका गोदामात प्रिंट सापडली आणि स्कॅनिंगला आमच्या लॅबमध्ये आली. आम्ही सहा इंजिनिअरांनी, पदव्यांना शोभेल अशा बारकाईने, ती फ्रेम न् फ्रेम तपासली. सुपरस्टार नाही. मामीला कळवलं, तर म्हणाली, "मला काय नवीन सांगतेस?"

मामा मात्र इस्त्रीचा शर्ट घालून लॅबमध्ये हजर. सिनेमा सुरू झाला, पण त्यांची नजर वरच्या उजव्या कोपऱ्यातून हलेना. रीळ संपत आलं की तिथे काळा ठिपका उमटतो. तो दिसला की दुसरा प्रोजेक्टर सुरू करायचा. चुकला तर पब्लिक खानदानाचा उद्धार करायचं.

"ठिपका कुठाय?" त्यांनी विचारलं.

कडा खरचटलेल्या होत्या म्हणून स्कॅनमधून छाटल्या, असं मी अभिमानाने सांगितलं.

"अगं, तो ठिपक्याखालीच तर पडतो."

मूळ स्कॅन लावला. तिसऱ्या रिळाच्या शेवटी ठिपका उमटला, मामांचा हात नसलेल्या बटणाकडे गेला, आणि त्याच कोपऱ्यात एक काटकुळा गुंड लाथ खाऊन आडवा झाला. तोच. डावा हात वर. पुढे तुकडा बाहेर आल्यावर त्या वर राहिलेल्या हातावर चाहत्यांनी अख्खं तत्त्वज्ञान उभं केलं. मामा म्हणाले, तो घड्याळ सांभाळत होता. मनगटावर घड्याळ होतंच.

अहवालात आम्ही 'तज्ज्ञांच्या अथक परिश्रमातून लागलेला शोध' असं लिहिलं. मामांना चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी मामांबरोबर मामी आली. तुकडा तीनदा लावायला लावला. मग म्हणाली, "होता बाई खरंच." माफी म्हणून तिच्याकडे एवढंच असतं. नंतर तिने सहज विचारलं, "पण अहो, सिनेमाची गोष्ट काय होती?"

मामांनी चष्मा पुसायला घेतला.

"ते नाही बघितलं कधी."