दादाच्या चुकांचा कागद

आमच्या दादाला नुसतं 'चुकलं' म्हटलेलं खपत नसे. आई वाढताना म्हणाली, "आज आमटी बिघडलीय रे," की हा विचारणार, "काय राहिलं ते सांग ना. मीठ की कोकम?" आई वैतागून म्हणायची, "गप गिळ."

एकोणीसशे साठच्या दशकात तो मुंबईला एका संशोधन संस्थेत गणकयंत्रावर होता आणि मी, त्याची धाकटी बहीण, तिथेच कार्डांना भोकं पाडायला. लोक कार्डांवर प्रोग्राम आणून देत. ते यंत्राच्या भाषेत उतरवणारा एक मोठा प्रोग्राम असे, त्याला अनुवादक म्हणत; तो दादा नव्याने लिहीत होता. जुना अनुवादक एक कंस राहिला की पानभर खोट्या चुकांचा शंख करी, नाहीतर पहिल्याच चुकीला मान टाकी. मग दुसरी चूक कळायची ती दुसऱ्या दिवशी. "माणसाला चुका सगळ्या एकदम कळाव्यात आणि खऱ्याच कळाव्यात," हे दादाचं पालुपद.

त्यासाठी त्याने त्या भाषेचे नियमच पुन्हा मांडले. प्रत्येक नियमाला प्रोग्रामचा वेगळा तुकडा. वाक्याचा तुकडा बेरजेच्या तुकड्याला हाक मारणार, तो कंसाच्या. कंसात पुन्हा बेरीज निघाली तर पुन्हा बेरजेलाच हाक. आणि पुढचा एकच शब्द पाहून वाट ठरली पाहिजे, हा हट्ट. रेवदंड्याच्या आमच्या वाडीत उभा राहून तो मला वर, शेंड्यावरून शेंड्यावर जाणाऱ्या गड्याकडे बघायला लावी. "सुपारी काढणारा पुढचं झाड हाती आल्याशिवाय हातातलं सोडतो का? उतरून पुन्हा चढायला लावतो तो नियम वाईट." चूक भेटली की काय हवं होतं नि काय आलं ते सांगायचं, मग प्रोग्रामातलं वाक्य जिथे संपतं त्या अर्धविरामापर्यंत मुकाट पुढे जाऊन नव्याने सुरुवात करायची.

हे पुरं व्हायच्या आत त्याला रक्ताचा आजार झाला. मुंबईच्या डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा तो घरी आला. खाटेवरून तो दुरुस्त्या सांगे. मी आठवडाभर मुंबईत त्या यंत्रावर चालवी आणि शनिवारी लाँचने रेवसला उतरून, एसटीने छापील कागद घरी आणी. मुद्दाम चुका भरलेला एक प्रोग्राम आम्ही ठेवला होता. त्यातल्या सगळ्या चुका दिसाव्यात, खोटी एकही नको, एवढंच त्याला हवं होतं. "हे बघून मरू दे," असं तो आईच्या देखत बोलायचा. मेल्याला जरा म्हणून दयामाया नव्हती.

एका शनिवारी कागद बघून तो हसला. "खोटी एकही नाही गं." मग बोट खाली सरकलं. "पण ही एक सुटली, पुढे धावताना ओलांडली गेली. आधीची चूक कंसातली, तर अर्धविरामापर्यंत कशाला धावायचं? कंस बंद होतो तिथेच थांबव. पुढल्या शनिवारी आण."

पुढल्या शनिवारी नाक्यावर शेजारचा महादू कोळी उभा होता. "ताई, पिशवी दे हिकडं," तो म्हणाला. "दादा गेला सकाळी. तुझ्यासाठी थांबल्यात सगळी."

मी पिशवी दिली, कागद दिला नाही. घरी जाऊन दादाच्या कानाशी बसले आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचू लागले. सुटलेली चूक आता बरोबर जागेवर आली होती. काका म्हणाले, "पोरी, पुरे आता." आईने त्यांना हाताने थांबवलं. मी शेवटपर्यंत वाचलं, आणि सवयीने, तो काय म्हणतो म्हणून त्याच्या तोंडाकडे बघत बसले.