रानवालीची नसलेली झाडं

सुक्या बोंबलांचा खारट, उन्हात भाजून निघालेला वास आणि त्याच्याखालून हळूच वर येणारा ओल्या मातीचा, नुकत्याच खुडलेल्या देठांचा वास. वर्सोव्याच्या बाजारातल्या त्या कोपऱ्यात हे दोन वास कधी एकमेकांत मिसळले नाहीत. ते शेजारी शेजारी बसत. पहिला हिराबायच्या टोपलीचा. ती तिथल्याच कोळीवाड्यातली, सुकी मासळी विकणारी. दुसरा वास रानवालीचा. आजही कुणाच्या स्वयंपाकघरातून सुक्या मासळीचा वास आला, की माझं नाक त्याच्याखाली तो दुसरा वास शोधू लागतं, आणि तो सापडत नाही.

रानवाली हे काही तिचं नाव नव्हतं. बाजारानं ते तिला दिलं होतं आणि तिनं ते तक्रार न करता वापरलं होतं. ती आरेच्या जंगलातल्या एका पाड्यावरची वारली बाई. दर शनिवारी पहाटे डोक्यावर टोपली घेऊन निघे, झाडांच्या बोगद्यातून येणारी बस पकडे, अंधेरीला ती बदले आणि सूर्य इमारतींच्या वर येईपर्यंत हिराबायच्या गोणपाटाच्या उरलेल्या अर्ध्या भागावर येऊन बसे. अंगानं काटकुळी, वर्ण पावसानंतरच्या खोडासारखा काळसर ओला. बोलताना ती समोरच्याकडे पाहत नसे. हातातल्या पानाकडे पाहून बोले, जणू तेच उत्तर सांगत होतं.

आमची ओळख तिच्या नकारातून झाली. मृगाचे दिवस होते आणि तिच्या टोपलीत शेवळं होती, जांभळट, निमुळती, मिटलेल्या छत्र्यांसारखी. मी जुडी उचलली. तिनं ती माझ्या हातातून सावकाश काढून घेतली.

"काकडं संपली, बाय. शेवळ नाय देणार."

काकडं म्हणजे रानातली छोटी आंबट फळं. ती घातली नाहीत, तर शेवळाची भाजी घसा खाजवते. मी म्हटलं, "मी चिंच घालीन ना."

"तू घालशील. घसा कोनाचा खाजंल? तुज्या पोरांचा. ती शिव्या कोनाला देतील? मला." तिनं जुडी टोपलीत ठेवली. "पुढल्या शनवारी ये. दोन्ही आनते."

हिराबाय खदखदून हसली. "बग ह्या रानवालीचा धंदा! गिऱ्हाईक हातात, आन ही परत धाडते. अगो, तुज्यासारखी मी बसली असती ना, तर माज्या बोंबलाला वाळवी लागली असती!"

"तुजा बोंबील खाऊन कोनाचा घसा खाजत नाय ना? मग तू विक," रानवाली पानाकडे पाहत म्हणाली.

त्या दोघींमध्ये तराजू नव्हता. बाजार उठताना रानवाली उरलेला पाला हिराबायच्या पदरात टाकी आणि हिराबाय जवळ्याची ओंजळ रानवालीच्या टोपलीत ओती. हा व्यवहार त्यांच्या सासवांपासूनचा. कोळीवाड्यात बोंबील वाळत घालायला बांबूंच्या उंच वलांड्या बांधतात. कधी काळी ते बांबू रानवालीच्या सासऱ्यानं डोक्यावरून आणलेले, आणि पावसाळाभर पुरेल इतकी सुकी मासळी घेऊन तो परतलेला. "माजी ओंजळ मोठी, हिची लहान," हिराबाय म्हणे, "म्हणून मीच फसतंय." रानवाली त्यावर फक्त जवळा थोडा हलवून बसवे, म्हणजे टोपलीत आणखी जागा होई.

रानवालीची आणखी एक ओळख मला उशिरा कळली. ती धवलेरी होती. वारल्यांची लग्नं बाईच लावते. रात्रभर गाणी म्हणत, देवांना एकेका नावानं हाक मारत. तिनं म्हटल्याखेरीज लग्न लागत नाही. हे मला हिराबायनं सांगितलं, तेही जरा अभिमानानं, जणू स्वतःच्याच बहिणीचं सांगावं तसं. "आमच्यात भट बोलवावा लागतो, पैसे मोजावे लागतात. हिच्यात ही स्वतःच भट! बग, गरीब कोन?"

मी एका महाविद्यालयात मराठी शिकवत असे. एका संस्थेनं आमच्याकडे काम सोपवलं: मुंबईच्या मूळ रहिवाशांपैकी दोन समाजांच्या आर्थिक आणि सामाजिक स्थितीची तुलना. कोळी आणि वारली. समुद्राकाठचे आणि डोंगराकाठचे. भाषा ऐकता येते म्हणून मला त्यात घेतलं, आणि मी बारा पानांचा छापील अर्ज घेऊन पहिल्यांदा माझ्या दोन ओळखीच्या बायांकडेच गेले.

हिराबायचं घर दुमजली. खाली फ्रीजर, जाळी, नायलॉनच्या दोऱ्यांची भेंडोळी. वर मुलीचं अभ्यासाचं टेबल. मुलगा बँकेत, धाकटी कॉलेजात. मालकीच्या गोष्टी विचारणारा रकाना आला आणि ती पदर खोचून सावरून बसली.

"लिव. बोट आमची. घर आमचं. वलांडीची जागा आमची. ते समोर गाड्या उभ्या केल्यान ना, तीपन जागा आमची. आन ते पानी दिसतं, तेपन आमचंच लिव."

"पाणी कसं लिहू, हिराबाय?"

"का? रकाना नाय?" तिचा आवाज एकाएकी खाली आला. "माज्या आईनं नाय सांगितलं कदी, आमचं हाय म्हणून. म्हणाली, सगल्यांना ठावं हाय, सांगायचं काय? मग एक दिस त्या जागेत कोनाची तरी भिंत आली. तवापासून आम्ही वरडून सांगतो. तू लिव, बाय. आज तू नाय लिवलंस, तर उद्या दुसरा कोनीतरी आपल्या नावावर लिवंल."

पुढच्या आठवड्यात मी पाड्यावर गेले. दारापुढं शेणानं सारवलेलं अंगण, भिंतीवर तांदळाच्या पांढऱ्यात काढलेला, फिकट होत आलेला लग्नाचा चौक. वीज दोन वर्षांपूर्वीची; नळ उताराच्या पायथ्याशी. पाड्यातले पुरुष उंच इमारतींच्या बागांत माळीकाम करत, बाया त्याच इमारतींत धुणीभांडी. घरामागं वाडी: दोन फणस, एक वाकडी चिंच, काकडाची तीन झाडं, बांबूचं बेट, आणि मधल्या सावलीत कंद, हळद, वेलांचे मांडव. तिथं उभं राहिलं, की हवा पाण्यासारखी गार लागे आणि पानांच्या घासण्याखेरीज दुसरा आवाज नसे.

तोच रकाना आला. मी विचारलं, "मावशी, मालकीची झाडं किती?"

तिनं हातातलं पान उलटून पाहिलं. "माजी? माजी नाय एकबी."

मी लिहिलं: नाहीत.

किती सहज लिहिलं मी ते! तिचा शब्द जसाच्या तसा उचलला, याचा मला त्या वेळी आनंदही झाला. बोलणाऱ्याच्या शब्दाला हात लावू नये, असं मी वर्गात शिकवत असे. अहवाल छापून आला. त्यात कोळी समाज तुलनेनं संघटित आणि मालमत्तेबाबत जागरूक ठरला. वारली समाज मागास आणि साधनहीन. वाचताना मला वाटलं होतं, की या तक्त्याला तिसरी ओळ हवी होती. तुलना करणारे आम्ही, ज्यांच्या इमारती एकाच्या खाडीवर आणि दुसऱ्याच्या डोंगरावर उभ्या आहेत, आमचा रकाना कुठं आहे? पण ते वाटणं मी वाटण्यापाशीच थांबवलं.

मग काही वर्षांनी पाड्यातल्या काही घरांची जागा एका सरकारी कामासाठी लागणार, अशी नोटीस आली. झोपड्यांच्या बदल्यात इमारतीत खोली मिळणार होती. पण लागवड दाखवता आली, तर वाडी वाचण्याची शक्यता होती. आखणी थोडी सरकवता येईल, असं कचेरीतल्या माणसांनीच सांगितलं होतं. पाड्यातल्या पोरांनी कागद गोळा केले. रानवालीच्या नावानं छापलेला कागद जगात एकच सापडला. मी भरलेला पाहणीचा अर्ज. त्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलेलं: झाडे नाहीत. वाडीसाठी केलेली मागणी फेटाळली गेली.

हे मला हिराबायनं बाजारात सांगितलं. "कुठल्यातरी सर्वेवाल्यानं चुकीचं लिवलं म्हनं," ती म्हणाली. ते माझंच अक्षर होतं, हे तिला ठाऊक नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. मी फक्त म्हटलं, की फेरसुनावणी मागता येते. पत्र मी लिहीन.

सुनावणीच्या दिवशी हिराबायनं टोपली घरी ठेवली. हिरवी नऊवारी, अंबाड्यात अबोली, गळ्यात होतं नव्हतं ते सोनं. "गरीब दिसून गेलं तर ऐकत नाय कोनी," ती रिक्षात म्हणाली. रानवाली आमच्या दोघींच्या मध्ये, हातात घरातून निघताना उचललेलं एक फणसाचं पान.

अधिकारी तरुण होता, थकलेला, पण माणूस वाईट नव्हता. हिराबायनं त्याला बसूच दिलं नाही. "साहेब, माज्या सासूच्या वलांडीचा बांबू हिच्या वाडीतला. माज्या लग्नाआदीपासून हिची काकडं खातंय मी. झाडं नाय म्हणता? मग मी काय हवा खाल्ली?"

तो हसला. त्यानं कागद पुढं ओढला आणि रानवालीला म्हणाला, "आजी, या बाई सांगतात तेवढं पुरे आहे मला. फक्त तुम्ही स्वतः सांगा. झाडं तुमची आहेत ना? नुसतं हो म्हणा."

पंखा फिरत होता. कुठंतरी शिक्के मारल्याचा एकसुरी आवाज. मी रानवालीकडे पाहत होते आणि मनातल्या मनात तिच्या वतीनं तो एक शब्द उच्चारत होते.

"फणस मी लावला," ती पानाकडे पाहून म्हणाली. "पानी घातला. चिंच सासूच्या आदीची. पन साहेब, पयलं फळ आमी हिरव्या देवाला देतो. त्याला दिल्याबिगर तोंडाला लावत नाय. ज्याला पयलं द्यायचा, त्याचंच ना ते? माजी कशी सांगू?"

"आजी, देवाचं राहू द्या. कागदापुरतं हो म्हणा."

तिनं पान मांडीवर ठेवलं आणि हातानं सारखं केलं. अधिकाऱ्यानं थोडा वेळ वाट पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि पेनाचं टोपण लावलं.

जिन्यावर हिराबाय तिच्यावर तुटून पडली. "एक हो बोलली असतीस, तर जीभ झडली असती काय गो तुजी?"

"झडली नसती," रानवाली म्हणाली. पायऱ्या उतरताना तिनं कठड्याला धरलं होतं. "पन हिरव्याला मी ह्याच जिबेनं हाक मारते. लग्नात. खोटा बोलून आली, तर तो येईल का हाकंला? तो नाय आला, तर ज्यांची लग्नं मी लावेन, त्यांचा काय?"

रस्त्यावर आल्यावर हिराबायनं रानवालीच्या खांद्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "ये. माज्या घरी चल. जेवून जा." मला तिनं विचारलं नाही. अपराधी माणसाला लोकांच्या विसरण्यातही शिक्षा दिसते. मी मागं थांबून रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिले.

त्या दिवसापासून मी दोघींची तुलना निराळ्या तऱ्हेनं करू लागले. एकीच्या माणसांनी एकदा गमावलं आणि ते 'आमचं' म्हणायला शिकले. ते शिकणं त्यांना फुकट मिळालं नव्हतं. दुसरीपाशी तो शब्दच नव्हता असं नाही. तिनं तो देवाला देऊन टाकला होता, आणि दिलेली वस्तू मागं घेणं तिच्यात बसत नव्हतं. यातलं श्रीमंत कोणतं आणि गरीब कोणतं, हे मी अजून कुठल्या रकान्यात घालू शकलेले नाही. पण मला हेही माहीत आहे, की असं सुंदर वाक्य मला सुचतं ते माझ्या गॅलरीत बसून, आणि वाडी गेली ती तिची.

घर हलवण्याच्या दिवशी मी पाड्यावर गेले. टेंपो रस्त्यावर उभा होता. रानवालीची सून भांडी बांधत होती. भिंतीवरचा पांढरा चौक तसाच होता. भिंत नेता येत नाही. रानवाली वाडीत होती. काकडाच्या झाडांखाली बसून ती कंद उकरत होती आणि एका जुन्या लुगड्यात बांधत होती, इमारतीखाली कुठं मातीचा तुकडा मिळाला तर लावायला. उकरतानाही दर आळ्यात तिनं एक कंद तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी तिथं यंत्र येणार होतं, हे तिला माहीत होतं.

मी तिच्याजवळ मातीत बसले. हातांना त्या मातीचा गार, गोडसर वास लागला आणि इतके दिवस अडकलेलं बोलणं बाहेर आलं.

"मावशी, तो कागद माझा होता. झाडं नाहीत, असं मीच लिहिलं होतं. तुम्हाला पुन्हा एकदा विचारायला हवं होतं मी. थांबायला हवं होतं."

तिचा हात थांबला नाही. "मी काय बोलली व्हती तवा?"

"झाडं माझी नाहीत, असं म्हणाला होतात."

तिनं लुगड्याची गाठ आवळली, दातांनी पक्की केली, आणि माझ्या आठवणीत पहिल्यांदाच हातातल्या पानाकडे न पाहता सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"मग?"