तळमजला शिल्लक आहे

स्वतःकडे साधी सायकल नसताना मोटारींचा इतका राग करणारा माणूस अख्ख्या मुलुंडमध्ये आमच्या भावोजींखेरीज दुसरा नसेल. हे माझ्या यजमानांचे मावसभाऊ, आमच्या समोरच्याच दारातले. कॅलेंडरवर मोटारीचं चित्र आलं तर तो महिना ते भिंतीकडे तोंड करून टांगायचे. आणि हा सगळा राग एका शब्दापायी.

आमची बैठी चाळ पाडून इमारत व्हायची होती. जाऊबाईंचे गुडघे तेव्हाच गेलेले, म्हणून भावोजींना तळमजला हवा होता, बाकी काही नको. मीटिंगमध्ये बिल्डर म्हणाला, "खाली स्टिल्ट आहे." यांनी ऐकलं, "खाली शिल्लक आहे." शिल्लक आहे तर घाई कसली, म्हणत खुशाल सही ठोकून आले, वर आम्हाला पेढे. इमारत उठली तेव्हा कळलं, स्टिल्ट म्हणजे खाली नुसते खांब आणि गाड्यांसाठी मारलेले पिवळे पट्टे. गाडी एकाकडेही नव्हती. भावोजींना मिळाला तिसरा मजला, लिफ्ट नाही. जाऊबाई एकदा वर चढल्या त्या पुन्हा उतरल्याच नाहीत.

मग पालिकेत खेटे. तिथला साहेब म्हणायचा, "काका, गाडी असो नसो, जागा सोडावीच लागते. नियम आहे." हे विचारायचे, "गाडयेक गुडघे असतत काय रे?" साहेब हसून चहा पाजायचा. दमून परतले की घरी न येता खांबांमध्ये आरामखुर्ची टाकायचे. पेपर तिथेच, दाढी तिथेच, पट्ट्यांच्या आत कोकमं वाळत. सेक्रेटरी ओरडला की म्हणायचे, "गाडी हाड, उठतंय." म्हणजे आधी गाडी आण, मग उठतो. मी सांगून थकले, "भावोजी, जाऊबाई दिवसभर वर एकट्या असतात हो." तर म्हणे, "वयनी, तिच्यासाठीच तर जागा धरून ठेवलीय. नियम काय, आज आहे, उद्या नाही."

अशी काही वर्षं गेली. मग पहिल्या मजल्यावरच्यांनी जुनी फियाट आणली. आता भांडण होणार म्हणून आम्ही सगळे गॅलरीत. भावोजी उठले, कोकमं गोळा केली, खुर्ची मिटली आणि स्वतःच हात दाखवत गाडी आत घेतली. "ये, ये, अजून ये… बस."

मग खुर्ची घेऊन जिने चढून आले. आमची दारं समोरासमोर, उघडीच. जाऊबाईंनी विचारलं, "कोण इलो?"

"गाडी."

"कायमची रवतली?"

"रवतली."

जाऊबाई खिडकीजवळच्या पलंगावर जरा बाजूला सरकल्या आणि म्हणाल्या, "मगे आता तरी हय बस."